पेंग्विनपेक्षा कावळा भारी: लहान मुलांसोबत चार दिवस मुंबई

मुलांना घेऊन मुंबई बघायचं ठरलं की आधी वार बघायचा, मग जागा. राणीची बाग बुधवारी बंद असते. घारापुरीची लेणी, वरळीचं नेहरू तारांगण आणि बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद. रविवारी रेल्वेचा मेगाब्लॉक. सोमवारी पोचून बुधवारी परतणारं कुटुंब बरीचशी कुलुपंच पाहून येतं. म्हणून ही सहल गुरुवार ते रविवार आखली आहे.

हिशेब एका तीन वर्षांच्या आणि एका सहा वर्षांच्या मुलाचा धरला आहे. लोकलला पाच वर्षांखालचं मूल फुकट, पाच ते बारा अर्धं तिकीट. मेट्रोत वय कुणी विचारत नाही, उंची बघतात: तीन फुटांच्या आतलं मूल फुकट. मुक्काम दादरला, मग मावशीकडे असो की लॉजवर. मध्य रेल्वे, पश्चिम रेल्वे आणि आता भुयारी मेट्रो, तिन्ही वाटा तिथून फुटतात. महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्च लागला की दुपारी बारा वाजता पोरं आणि आइस्क्रीम एकाच वेगाने वितळतात.

सामान पाठीवरच्या दोन बॅगांत बसलं पाहिजे, कारण मोठ्यांचे चारही हात मोकळे हवेत. दर मुलामागे पाऊण लिटर पाणी, थोरल्याचा कपड्यांचा एक जोड, धाकट्याचे दोन, ओले टिश्यू, एक जुना पंचा आणि झिपच्या दोन पिशव्या. त्यातली एक ओल्या कपड्यांसाठी. दुसरी कशासाठी ते शुक्रवारी कळेल. बाबागाडी घरीच ठेवा. स्टेशनच्या जिन्यांवर ती उचलायला दोन माणसं लागतात आणि तेवढ्यात मूल तिसरीकडे गेलेलं असतं. धाकट्यासाठी पाठीला बांधायचं कॅरिअर बरं. फोन नंबर मुलाच्या मनगटावर बॉलपेनने लिहायचा आणि त्यावर बिनरंगी नेलपॉलिशचा एक हात फिरवायचा. नुसत्या बॉलपेनचा आठ घामाने दुपारपर्यंत तीन होतो.

गुरुवार: राणीची बाग

बाग साडेनऊला उघडते. त्या वेळी दादरहून भायखळ्याकडे जाणाऱ्या लोकलमध्ये मोठ्या माणसालाही शिरणं मुश्कील, तिथे पोरं कुठे कोंबणार? सकाळी टॅक्सी करा आणि लोकलची हौस परतीला भागवा. टॅक्सीचं किमान भाडं ३१ रुपये आहे. ठाण्याकडची मुलं हमखास रिक्षाच हवी म्हणून बसतात. रिक्षा वांद्रे आणि शीवच्या पुढे दक्षिणेकडे येत नाही, हे घरूनच सांगून निघावं.

बाग १८६२ सालची. पाटीवर वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असं नाव आहे, पण टॅक्सीवाल्याला राणीची बागच सांगा. आत शिरल्यावर थेट पेंग्विनकडे जायचं, कारण शाळांच्या सहली अकराच्या सुमारास येतात आणि मग रांग वळसे घेत बाहेर येते. पेंग्विनच्या घरात अंधार आणि गारवा असतो. धाकटा अंधाराला बिचकतो, त्याला दारापाशीच उचलून घ्या. पहिला प्रश्न ठरलेला असतो: "बर्फ कुठाय?" हे हम्बोल्ट पेंग्विन, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. त्यांना बर्फ लागत नाही, थंड पाणी लागतं. ते २०१६ साली आले आणि पुढच्या वर्षी लोकांना बघायला मिळाले. दुसरा प्रश्नही ठरलेला: "हा खरा आहे?" कारण पेंग्विन कधीकधी पाच-पाच मिनिटं खांबासारखा उभा राहतो. काचेवर टकटक करू देऊ नका. खालच्या बाजूला पाण्यात पोहणारे दिसतात तिथे मुलाला काचेसमोर उभं करा. पेंग्विन जवळून सुर्रकन गेला की शंका आपोआप फिटते.

बाहेर आल्यावर अर्धा तास मोकळा ठेवायचा. वाघ, पाणघोडा, पक्ष्यांचं मोठं दालन, सगळं आहे, पण तीन वर्षांच्या मुलाला बाकापाशी उड्या मारणारा कावळा जास्त आवडतो. कावळा जवळ येतो, आवाज करतो आणि बिस्किटाचा तुकडा पळवतो. पेंग्विन यातलं काहीच करत नाही. कावळा बघू द्यावा. "अरे, एवढे पैसे भरून आलो ते कावळा बघायला का?" हे वाक्य बागेत दर दहा पावलांवर ऐकू येतं आणि त्याचा कुठल्याही मुलावर परिणाम झालेला दिसत नाही.

बागेला लागूनच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. इमारत १८७२ सालची. मुलांना घेऊन पाऊण तासापेक्षा जास्त थांबू नये. मातीच्या छोट्या माणसांची दालनं आणि जहाजांच्या प्रतिकृती मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर आहेत, तेवढ्या दाखवा. बाहेरच्या दगडी हत्तीपाशी मात्र थांबाच. हा हत्ती घारापुरी बेटावरचा. याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा हे नाव दिलं. १८६४ साली त्याला इंग्लंडला न्यायचा घाट घातला, तेव्हा उचलताना क्रेन तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे बागेत आणून पुढे १९१४ साली जोडले. "उद्या आपण याच्या घरी जायचं," एवढं सांगितलं की दुसऱ्या दिवशी सकाळी उठवण्याचं निम्मं काम झालं.

परतीची लोकल दीडच्या सुमाराची. भायखळा स्टेशन चालत दहा मिनिटांवर. दादरपर्यंत मोठ्यांचं दुसऱ्या वर्गाचं तिकीट पाच रुपये. धीमी लोकल घ्या, म्हणजे चिंचपोकळी, करी रोड, परळ ही तीन स्टेशनं मुलांना मोजायला मिळतात. बारा वर्षांखालचा मुलगा आईबरोबर बायकांच्या डब्यात चालतो, पण पहिल्या दिवशी सगळे एकाच डब्यात बसा. चढताना क्रम असा: आधी एक मोठं माणूस, मग त्याच्या हातात धाकटा, मग थोरला, शेवटी दुसरं मोठं माणूस. गाडी जेमतेम वीस-तीस सेकंद थांबते. आधी पोरांना आत ढकलून मागून चढायचं म्हणाल, तर पोरं गाडीत आणि आईबाप फलाटावर अशी पाळी येऊ शकते. आलीच, तर मुलाने पुढच्या स्टेशनवर उतरून फलाटावरच उभं राहायचं आणि आपण १३९ ला फोन करायचा, हे थोरल्याला आदल्या रात्री दोनदा म्हणायला लावा.

खिडकी मिळाली की मूल उठत नाही, म्हणून करी रोड सुटताच दप्तर पाठीला लावून "आता आपलं स्टेशन" म्हणत उभं राहायचं. परळला दाराच्या आत, खांबाला धरून. दादरला उतरणाऱ्यांचा लोंढा स्वतःच खाली उतरवतो, फक्त मूल कडेवर हवं. घरी जेवण आणि दोन तास झोप. संध्याकाळी काही ठरवू नका. फार तर दादरच्याच ‘प्रकाश’ उपाहारगृहात जाऊन साबुदाणा वडा आणि पियुष. पियुष ग्लासाच्या काठापर्यंत भरलेलं येतं; एक ग्लास दोन मुलांत वाटा आणि आधी मोठ्यांनी दोन घोट प्या.

शुक्रवार: घारापुरी

सगळ्यात जास्त चुकतं ते याच दिवशी. लाँचेस गेटवेवरून नऊच्या सुमारास सुरू होतात. पहिल्या एक-दोनमधलीच पकडा. दुपारी वारा वाढतो आणि परतीची बोट जास्त हलते. नाश्ता निघण्याआधी तासभर, कोरडा आणि कमी: एक इडली किंवा एक चपाती-साखर. भरपेट दूध पाजून बोटीत बसवलेलं मूल झिपची दुसरी पिशवी मागतं. बसायची जागा मधोमध, खालच्या बाजूला. वरचा मजला हौसेचा आहे, थोडे पैसे जास्त पडतात, पण तिथे झोका जास्त बसतो. मागच्या टोकाला डिझेलचा धूर येतो. मुलाला मळमळायला लागलं तर खेळण्यावरून नजर काढून लांबची जहाजं दाखवा. मोबाइलवर कार्टून लावणं म्हणजे उलटीला आमंत्रण.

डिसेंबर २०२४ मधल्या या मार्गावरच्या अपघातानंतर लाइफ जॅकेटकडे काटेकोर लक्ष दिलं जातं. मोठ्यांचं जॅकेट तीन वर्षांच्या मुलाच्या डोक्यावरून निसटतं, म्हणून बोट सुटायच्या आधी लहान मापाचं मागून घ्या आणि खांद्याला धरून वर ओढून बघा. हनुवटीच्या वर सरकलं तर ते सैल आहे. बोटीवर शौचालय धरून चालू नका. गेटवेवर "आली नाही" म्हणणाऱ्याला पाण्यात दहा मिनिटं गेल्यावर हमखास येते, तेव्हा विचारायचं नाही, न्यायचं.

गेटवेची कमान १९२४ साली पुरी झाली हे मुलांना सांगून काही उपयोग होत नाही, कारण ती कबुतरांमागे धावत असतात. धावू द्या, पण दाणे टाकू नका, दंड होतो.

बोटीला साधारण तास लागतो. अर्ध्या वाटेपर्यंत मुलं "पोचलो का?" विचारतात आणि बेट दिसायला लागलं की झोपतात. धक्क्यावर उतरल्यावर पायथ्यापर्यंत छोटी झुकझुक गाडी आहे. ती गोगलगायीच्या चालीने जाते, चालत गेलं तरी फरक पडत नाही, पण मुलांच्या लेखी घारापुरी म्हणजे हीच गाडी. जाता-येता दोन्ही वेळा बसवा. पुढे सव्वाशेच्या आसपास पायऱ्या, दोन्ही बाजूंना माळा-टोप्यांची दुकानं. "काही घ्यायचं नाही" असं जाताना बजावण्याऐवजी "एक वस्तू, येताना" असा करार करा; चढताना हातात घेतलेली बासरी वरपर्यंत वाजत राहते आणि पुढच्या तीन दिवसांत कधीतरी ती हरवावी असं सगळ्यांनाच वाटू लागतं.

माकडांचं मात्र गांभीर्याने घ्या. त्यांना पिशवीची करकर ओळखू येते. चिप्सचं पाकीट, केळं, रंगीत सरबताची बाटली हातात दिसली की ती येतात, आणि ती उंचीने मुलाच्याच जवळपास असल्यामुळे मोठ्यांना भितात तेवढीसुद्धा मुलांना भीत नाहीत. खाऊ पायथ्याशीच संपवा. तरीही माकडाने काही पकडलंच तर सोडून द्या. ओढाताण केली की ओरखडा बसतो, आणि ओरखडा बसला तर साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन थेट दवाखाना, बाकीची सहल नंतर.

लेण्याचं तिकीट पंधरा वर्षांखालच्यांना नाही. पहिलं लेणं बघितलं की पुरे. त्रिमूर्ती सुमारे सहा मीटर उंच आहे, पण "सहा मीटर" मुलाला कळत नाही. बाबांच्या खांद्यावर बसवून विचारा, असे किती बाबा एकावर एक उभे केले तर नाकाला हात लागेल? खांब मोजायला लावा. प्रत्येक वेळी वेगळा आकडा येतो आणि वीस मिनिटं शांततेत जातात. हत्तीचं घर दाखवायचं वचन दिलेलं असतं, तेव्हा "हत्ती इथे कुठे उभा होता?" हा प्रश्न येणारच. बेटाच्या किनाऱ्याकडे हात करा. कालचा हत्ती तिथून उचलला, हे ऐकल्यावर थोरला बहुधा "मग परत आणून ठेवा की" असं म्हणतो. यावर अजून कुणाला चांगलं उत्तर सुचलेलं नाही.

दीड-दोनच्या आत परतीच्या बोटीत. हिवाळ्यात कुरव पक्षी बोटीमागे येतात. लोक त्यांना वेफर्स टाकतात. पक्ष्यांच्या पोटासाठी ते वाईट आणि मुलांसाठीही, कारण वेफर घेऊन बाहेर काढलेला हात कठड्यावरून ओणवा होतो. धाकट्याच्या कमरेचा पट्टा या तासभर तुमच्या मुठीत हवा.

शनिवार: वरळी आणि शिवाजी पार्क

सोपा दिवस. दादरच्या भुयारी मेट्रोतून सिद्धिविनायक, वरळी, आचार्य अत्रे चौक आणि चौथं सायन्स सेंटर. भुयारात मोबाइलला रेंज मिळेल असं गृहीत धरू नका. तिकीट वरच काढून ठेवा आणि कोण कुठल्या दाराशी भेटणार तेही वरच ठरवा. लांबलचक सरकत्या जिन्यांवर मुलं पुन्हा पुन्हा वर-खाली करायचं म्हणतात. एकदा जास्त करू द्या. सँडलचा बंद आणि पायजम्याची नाडी आधी बांधा, पाय पिवळ्या रेघेच्या आत, आणि उतरताना शेवटच्या पायरीवर मुलाला किंचित उचला. जिना संपतो तिथेच मुलं थांबून मागे बघतात आणि मागचे त्यांच्यावर येतात.

नेहरू विज्ञान केंद्र १९८५ साली सुरू झालं. इथे "हात लावू नकोस" म्हणायचं नाही, हाच मोठा आराम. आरशांचं दालन, बटणं, चाकं, कप्प्या. धाकटा एकाच बटणापाशी वीस मिनिटं राहिला तर राहू द्या. दिवा लागतो आणि विझतो, याहून जास्त विज्ञान त्या वयाला लागत नाही. थोरल्याला बाहेरच्या बागेत न्या. तिथे दूरवर समोरासमोर लावलेल्या दोन मोठ्या तबकड्या असतात. एकीशी तोंड नेऊन पुटपुटलं की दुसरीपाशी स्पष्ट ऐकू येतं, कारण वक्र पृष्ठभाग आवाज एका बिंदूत गोळा करतो. मुलाचं डोकं त्या बिंदूवर यायला त्याला उचलावं लागतं. नाहीतर "काही ऐकू येत नाही" म्हणून तो निघून जातो. उन्हाच्या आधी बाग, मग आतली दालनं.

तारांगण जवळच आहे, पण तीन वर्षांच्या मुलाला घेऊन त्याच्या वाटेला जाऊ नये. दिवे मालवले की तो रडतो आणि सगळ्या आकाशगंगेला ते ऐकू जातं. थोरल्याला एका मोठ्या माणसाबरोबर पाठवा.

संध्याकाळी शिवाजी पार्क. क्रिकेटचे चेंडू चारी दिशांनी येतात, म्हणून मैदानाच्या मधून जायचं नाही, कट्ट्याकट्ट्याने खेळण्यांच्या भागाकडे. वडापाव घेताना "एक बिनचटणीचा" असं आधीच सांगा. लावलेली चटणी पुसून काढली तरी लसणीचा तिखटपणा पावात मुरलेला असतो.

रविवार: डबल डेकर, बूट, चौपाटी

मध्य रेल्वेवर अकराच्या आसपास ते चारपर्यंत आणि पश्चिमेवर साडेदहा ते साडेतीनपर्यंत ब्लॉक असू शकतो. मेट्रोला त्याची झळ नाही. दादरहून मेट्रोने थेट सीएसएमटी. वर आल्यावर १८८७ सालच्या इमारतीवरची दगडी माकडं, मोर आणि इतर प्राणी कोण जास्त शोधतं याची पैज लावा. तोंड वर करून मुलं फूटपाथवर थबकतात, तेव्हा भिंतीच्या बाजूला उभं करून मग खेळा.

तिथूनच ए-११५ क्रमांकाची डबल डेकर नरिमन पॉइंटच्या एनसीपीए नाट्यगृहापर्यंत जाते. जुन्या लाल दुमजली गाड्या सप्टेंबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या. आताच्या विजेवरच्या आणि वातानुकूलित आहेत, किमान तिकीट १२ रुपये. वरच्या मजल्याची पुढची सीट हवी तर सुरुवातीच्या थांब्यावरच चढायचं आणि ती गेलेली असली तर सरळ पुढच्या बसची वाट बघायची. मधल्या सीटवरून मुलाला फक्त समोरच्या काकांची टोपी दिसते. जिना बस उभी असतानाच चढा आणि उतरा. पुढे बसलेलं मूल दर सिग्नलला काल्पनिक ब्रेक मारतं. शेजारच्या मोठ्या माणसाचाही पाय नकळत दाबला जातो.

एनसीपीएपासून मरीन ड्राइव्हवर दहा मिनिटं चाला, सावली नाही. कठड्यावर बसवायचं तर पाय रस्त्याच्या बाजूला, पलीकडच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उतरायचं नाही. मग टॅक्सीने मलबार हिल. कमला नेहरू पार्कातला म्हातारीचा बूट आजी-आजोबांच्या आठवणीत डोंगराएवढा असतो, समोर उभं राहिल्यावर "एवढासाच?" हा उद्गार मुलाचा नाही, आजीचा असतो. समोरच्या हँगिंग गार्डनमध्ये झुडपांचे कापलेले प्राणी आहेत. जवळच झाडांमधून जाणारी ४८५ मीटरची लाकडी पायवाट २०२५ साली सुरू झाली. तिची वेळ ऑनलाइन आधी घेऊन ठेवावी लागते, रविवारी दारात जाऊन मिळेल या आशेवर राहू नये.

गिरगाव चौपाटी पाचनंतर. पाण्यात जायचं नाही, वाळू पुरेशी आहे. किल्ला बांधायला घरून प्लास्टिकचा एक वाटगा आणि जुना चमचा आणा. कोरड्या वाळूचा किल्ला बसत नाही. वरचा वीतभर थर काढला की खाली ओलसर वाळू लागते. भेळ मुलांसाठी गोड चटणीची, कांदा कमी. कालाखट्टा हवाच असेल तर त्या दिवशी गडद शर्ट घाला. गोळ्याच्या बर्फापेक्षा मटक्यातली कुल्फी आम्हाला जास्त भरवशाची वाटते. काडीवरची घेऊ नका, तिचा खालचा निम्मा भाग वाळूत पडतो आणि मुलाला तोच निम्मा हवा असतो. पानावर कापून मागा.

परतीला समोरच्या पुलावरून चर्नी रोड स्टेशन आणि धीमी लोकल. वाळू पायाला चिकटते ती ओल असते म्हणून, पुसून निघत नाही. घरून काढलेल्या छोट्या डबीतली टाल्कम पावडर भरपूर टाकून हाताने झटकली की ओल शोषली जाते आणि वाळू सुटून पडते. हे चौपाटीच्या कडेलाच उरका. डब्यात उरकायला घेतलं, तर समोरच्या बाकावरच्या काकूंच्या इस्त्रीच्या साडीवर गिरगाव चौपाटी पसरते, आणि पुढची सहा स्टेशनं त्यांच्याकडे बघायचं टाळत काढावी लागतात.